गेलेल्या पायाचा अंगठा

अकोल्यात नसांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. समोरच्या बाकावर एक म्हातारे चाचा होते, त्यांचा उजवा पाय गुडघ्यापासून कापलेला. शेजारच्या बाईंनी त्यांना विचारलं,

“काय दुखते, चाचा?”

“अंगठा. उजव्या पायाचा.”

“पन तो पाय तर नाई तुमाले!”

“मीबी डॉक्टरले तेच म्हनलो. तो म्हने, पाय गेला, पन मेंदूले खबरच नाई. तो आपला नसांवाटे हुकूम धाडूनच राहिला.”

“अन् पाय कुठी हाये?”

“बाळापूरच्या कबरस्तानात. शुगरनं सडला, तवा कापला. आमच्यात असा फेकत नाईत, दफन करतात.”

“कोनं केला?”

“शेजारच्या गुलफामनं.”

“काहून? पोरगं नाई का तुमाले?”

“हाये ना, पुन्याले. फोन केला होता, मातीले ये म्हनून.”

“मंग?”

“म्हने, अब्बा, एका पायासाठी सुट्टी नाई भेटत.”

“अगं माय! मंग कशासाठी भेटते?”

“बाकीचा गेलो का भेटन.”