काचेआडचा हात

(आर्मेनियातल्या एका मठाचं संग्रहालय. काचेच्या कपाटात चांदीने मढवलेला, संताचं हाड आत असलेला हात. समोर शोगेर, तिचा धाकटा भाऊ मुशेघ आणि संग्रहालय सांभाळणारे फादर येघिशे.)

शोगेर: ...आणि वर पितळी पाटी! ‘मुशेघकडून सप्रेम भेट.’ तुझ्या एकट्याची मिळकत होती का रे ही?

मुशेघ: हळू बोल, ताई. देवाचं घर आहे.

शोगेर: देव आपल्या घरात होता. आजीने कत्तलीतून पळताना भांडी टाकली, गोधड्या टाकल्या, पण सार्किसबाबाचा हात ओच्यातून आणला.

मुशेघ: आणि तू तो बादलीत बुडवून ते पाणी गावच्या आजारी गाईंना पाजत होतीस.

शोगेर: उठल्या ना गाई?

मुशेघ: आतलं हाड विरघळून गेलं असतं एक दिवस. इथे निदान टिकेल.

शोगेर: टिकायला लोणचं आहे का ते?

फादर: बाई, भांडून काही होणार नाही. मी कालच सांगितलं, तुमच्या आईच्या मर्जीविरुद्ध आला असेल, तर आम्ही तो ठेवून घेणार नाही. मुशेघ, तुम्ही तेवढंच सांगा. आईने दिला होता?

मुशेघ: दिला होता. स्वतःच्या तोंडाने म्हणाली.

शोगेर: कधी? तिच्या उशाशी मी होते. तू नेलास त्या संध्याकाळपासून ती हात मागत होती. शेवटी मी पंचा गुंडाळून तिच्या मुठीत दिला. तोच सार्किसबाबा समजून गेली बिचारी.

मुशेघ: हे मला कधी बोलली नाहीस.

शोगेर: तू होतास कुठे ऐकायला? आलास तो थेट मातीला, नवा कोट घालून.

फादर: मुशेघ?

मुशेघ: दिला होता म्हटलं ना. किती वेळा सांगू?

शोगेर: मग काचेवर हात ठेव आणि शपथ घे. गावातली बांधाची भांडणं याच्यावरच मिटली. खोटं बोलणाऱ्याचं काय होतं, तुला ठाऊक आहे.

मुशेघ: पोराबाळांवर येतं म्हणे. अडाण्यांच्या गोष्टी.

शोगेर: अडाण्यांच्या ना? मग ठेव.

फादर: बाई, इथे असल्या शपथा नकोत.

मुशेघ: राहू द्या, फादर. होऊ दे तिचं समाधान एकदाचं. हा ठेवला हात. ऐक, ताई. सार्किसबाबाला साक्षी ठेवून सांगतो, आमच्या आईने—

शोगेर: हात काढ.

मुशेघ: आता काय झालं?

शोगेर: काढ म्हणते ना, मेल्या. तुझा मुलगा तातुल सीमेवर आहे, फौजेत.

मुशेघ: (काचेवरून हात काढून घेतो.)

शोगेर: अंगाखांद्यावर वाढवलाय मी त्याला. बाबासमोर तू खोटा ठरलास, तर तुझ्या जिभेपायी त्याच्यावर येईल.

मुशेघ: ताई, मी...

शोगेर: तू बोलू नकोस. जन्मात बोलू नकोस माझ्याशी.

फादर: मग मी काय समजू, बाई? न्यायचाय की राहू द्यायचा?

शोगेर: राहू द्या. आईनेच दिला होता.