हळू विचारायचा प्रश्न

पनवेल स्टँडवर उरणची गाडी सुटायची होती. माझ्या मागच्या सीटवरचं कोळी जोडपं अख्ख्या गाडीला ऐकू येत होतं.

“निशा! येतंय का गो ऐकू?”

“ओरडतोस कशाला, परेश? लहानपनापासून कमी ऐकू यायचं मला. आता कानात मशीन बसवलंय, आज चालू पन केलं डॉक्टरीनबाईंनी. तू काय होडीवर नाय हायस.”

“लगीन झाल्यापासून असाच बोलतोय. सवय हाय.”

“म्हनून आपली भांडनं कोळीवाड्याला पाठ हायत.”

“आन् प्रेम?”

“ते पन. मला बघायला आलास, तवा ‘मी पसंत हाय का?’ असं इतक्या जोरात विचारलंस, की शेजारची म्हातारी माझ्या आधी हो बोलली.”

“मंग तू नाय बोलायचं होतंस!”

“म्हातारीला वाईट वाटलं असतं.”

“बंद कर तुझं मशीन.”

“नाय करत. तेच परत विचार. पन हळू. माझ्या एकटीला.”

मागून काहीच ऐकू येईना. माझ्या शेजारच्या बाईंनी तर वळूनच पाहिलं.

मग निशाचा आवाज आला, “उरन येईपर्यंत विचार करते.”