पेन्सिलीचा ठिपका

हॅलो? … हां, बोल ताई. … नाही गं, कामात कसली, कामच काढून घेतलंय माझं.

हो, आजच. पाच वाजेपर्यंत टेबल त्या मुलीच्या ताब्यात द्यायचं आणि सोमवारपासून मी रस्त्यावर. गस्त. … अगं, सगळ्या शहरातल्या पोलीस स्टेशनांत तेच चाललंय. फोन घ्यायला, कागद लिहायला बाहेरचे लोक भरलेत, साध्या कपड्यातले. वर्दीवाल्यांनी उठायचं. साहेब म्हणाले, तुम्हाला बंदोबस्त शिकवलाय, टायपिंग नाही. … आठ वर्षं टायपिंगच करून घेतलं की. तेव्हा नाही आठवलं.

कोण, ती? … समोरच बसलीये. ऐकू जात नाही तिला, कानाला हेडफोन लावून सारखी फोन करत असते. … आधी ग्रंथालयात होती. दहा वर्षं. त्यामुळे विचारू नकोस. कपाटाला चिठ्ठी, खणाला चिठ्ठी, पंचिंग मशीनला पण चिठ्ठी. मी जरा जास्त वेळ एका जागी बसले तर मलाही चिकटवेल. … हसू नकोस. आणि चालताना पाय वाजत नाहीत तिचे. एकदम पाठीशी येऊन उभी, ‘मॅडम, हे कुठे ठेवू?’

नाही, वाईट नाहीये. कामाला वाघ आहे. तीन दिवसांत जुन्या तक्रारींचे चार गठ्ठे कॉम्प्युटरवर चढवले. मला चार महिन्यांत जमले नसते. तेच तर डोक्यात जातं.

मी? … मी काय करणार. तीनदा चहा झाला. रिकामा खण दोनदा पुसला. … नाही, ताबा दिल्याच्या कागदावर सही नाही केली अजून. करेन की. … राग नाहीये मला. … बरं, आहे. असू दे.

ताई, परत त्याच विषयावर येऊ नकोस हं. … मला नाही बोलायचं. … अगं, पण … हो. हो, भीती वाटते. झालं समाधान? त्या मोर्चात कपाळावर दगड बसला, तेव्हापासून वर्दी घालून समोरचा चौक ओलांडलेला नाही मी. साध्या कपड्यात येते, इथे बदलते, जाताना पुन्हा बदलते. आठ वर्षं. इथे सगळ्यांना वाटतं, हिला खुर्ची सुटत नाही. वाटू दे. तेच बरं आहे.

एक मिनिट हं. — काय गं? … शेरा? कसला शेरा लिहायचा? … कोणी उचलला फोन? … तक्रारदार बाईच्या नवऱ्याने? दाखव, कुठला कागद. … थांब ताई. — इथे ठिपका होता. या कोपऱ्यात. पेन्सिलीचा. … खोडलास? का?

ताई, ऐक ना. ही म्हणते, स्कॅन करायच्या आधी पेन्सिलीच्या खुणा खोडून टाकल्या. ग्रंथालयात पुस्तक परत आलं की तसंच करायचे म्हणे. हात बसलाय तिचा.

… अगं, खूण होती ती माझी. ठिपका असला की घरच्या नंबरावर फोन करायचा नाही. नवऱ्यापासून लपून तक्रार द्यायला येतात ना बायका. … पेनाने कसं लिहिणार? कागद दहा जणांच्या हातातून जातो, त्यातला एखादा नवऱ्याचा मित्र निघाला तर? … नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं. … तिलाही नाही. सकाळपासून तीनदा विचारलं तिने, ‘मॅडम, आणखी काही सांगायचं राहिलंय का?’ मी म्हटलं, सगळं रजिस्टरमध्ये आहे, वाचून घे. … घोळ माझा आहे, ताई. माझाच. — तू नको रडूस, तुला नाही बोलत. आधी सांग, पत्ते तपासायला आज कुणाकुणाला फोन केलेस? यादी दे इकडे.

… ठिपके चारच होते, तोंडपाठ आहेत मला. … ही नाही … ही पण नाही. तिघी सुटल्या. फक्त हिला गेलाय फोन. शाळेचे गणवेश शिवते गं एका कारखान्यात. उन्हाळ्यात आली होती, लांब बाह्या घालून. नवऱ्याने मनगटाला इस्त्री टेकवली होती.

— तू नक्की काय बोललीस त्याला? … ‘तुमच्या पत्नीने दिलेल्या तक्रारीबद्दल’. … आणि तो? … ‘धन्यवाद, मी विचारतो तिला.’ — ऐकलंस, ताई? धन्यवाद म्हणाला. ही म्हणते, सभ्य वाटले.

— किती वेळ झाला? … पंधरा मिनिटं. कारखान्यात फोन लाव. त्याच कागदावर आहे नंबर, मागच्या बाजूला. लाव.

ताई, ठेवू नकोस. … नाही, मोबाइल नसतो तिच्याकडे, त्याने काढून घेतलाय. — काय म्हणतात? … चारला सुटली?

आता चार दहा. चालत जाते ती. आमच्या चौकापलीकडचा पूल उतरायचा, बाजारातून जायचं, अर्धा तास धर. म्हणजे घरी पोचली नाहीये अजून. … जीप कुठली, जीप साहेबांबरोबर गेलीये सभेच्या बंदोबस्ताला, सगळेच तिकडे. दुसरं कुणी आलं तरी ओळखणार कसं? चेहरा मी एकटीने पाहिलाय.

… माहितीये मला. माहितीये, ताई. बोलू नकोस.

— ऐक गं. कंट्रोल रूमला फोन कर, या पत्त्यावर माणूस पाठवा म्हणावं, तातडीचं. … तू कुठे येतेस माझ्याबरोबर? तू इथेच बस, फोन तुझ्याकडे. आणि या तिघी लिहून घे. ही, ही आणि ही. यांच्या घरी फोन जाता कामा नये. तुझ्या पद्धतीने लिही, चिठ्ठी लाव, काय हवं ते कर, पण माझ्यासारखं डोक्यात ठेवू नकोस.

आहेस ना ताई? … कपडे बदलायला वेळ कुठाय, वर्दीतच निघाले. … पायऱ्या उतरले. फाटकाशी आलेय. … हं. … उभी आहे. … नाही गं, पाय उचलत नाहीये. बोल ना काहीतरी. … काहीही बोल. सासूबाईंचं सांग तुझ्या. … हं. … मग? तू ऐकून घेतलंस? … हं. … निघाले. निघाले मी, तू बोलत राहा.

चौकात आहे. … एक बस थांबलीये, बसमधले बघतायत. … बघू देत. … मागून हॉर्न देतोय कुणीतरी, बाकी काही नाही. … नाही, कुणाच्या हातात काही नाही. एकाच्या हातात पाव आहे. … आले. ताई, पलीकडे आले गं मी. … नको, रडू नकोस तू, मलाही रडू येईल.

धावतेय, म्हणून दम लागलाय. … पुलाचा उतार दिसतोय. … कारखान्यातल्याच बायका येतायत घोळक्याने. … ती नाही. … ती पण नाही. उंच आहे ती जरा, मान खाली घालून चालते. … निघून तर नाही ना गेली पुढे? … घोळका संपला, ताई. … थांब. थांब, मागे एक जण आहे. एकटीच.

तीच. … हो, तीच. … थबकली. मला नाही बघितलं तिने, वर्दी बघितली. घाबरली गं ती.

अहो, थांबा, मागे फिरू नका. मीच आहे, उन्हाळ्यात तुमची तक्रार लिहून घेतली होती ना, ती. … हो, मीच. आज घरी जायचं नाही. चूक आमची झालीये, चालता चालता सगळं सांगते. … नाही, एकट्या नाही, मी आहे बरोबर.

ताई, ठेवते. … नाही, आता तू बोलत राहायची गरज नाही.