साहेबांचं बंद कनेक्शन

व्यासपीठावर विराजमान समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गॅस एजन्सीचे मालक, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे निवृत्त होणारे आपले व्यवस्थापकसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, गाड्यांवरचे ड्रायव्हर, टाक्या भरणारे भरणीवरचे भाऊ, काउंटरवरच्या माझ्या मैत्रिणी आणि एवढ्या गारठ्यात घरची ऊब सोडून आलेले गिऱ्हाईक बंधू-भगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

साहेबांच्या गौरवाचे चार शब्द बोलायला मला उभं केलंय. घरोघर जाऊन टाक्या, नळ्या, रेग्युलेटर तपासणं हे माझं काम, त्यामुळे दारात उभं राहून सूचना द्यायची सवय जडलीय. मालक म्हणाले, आजच्या दिवशी तरी गोड बोल. मी म्हटलं, मी खरं बोलते, गोड लागतंय का ते ऐकणाऱ्यानं बघावं.

साहेबांनी आम्हाला काय दिलं? शिस्त दिली, ते कोण नाकारेल? थंडी आली की टाकीतला प्रोपेन गॅस आळसावतो, दाब उतरतो, ज्योत मंद होते. मग लोकांना टाकीची दया येते आणि ते तिला उचलून घरात आणतात. अहो, टाकी म्हणजे काही जावई नव्हे, आत बोलावून उबेला बसवायला. तिनं बाहेरच राहायचं, उभं राहायचं, दारं-खिडक्यांपासून लांब. रेग्युलेटरवर बर्फ धरला तर अलगद झटकायचा, उकळतं पाणी ओतायचं नाही. आत आणून हीटरशेजारी ठेवली की टाकी तापते, दाब चढतो आणि तिची झडप गॅस बाहेर सोडते. ती झडप त्यासाठीच असते, तिचा काही दोष नाही. पण हा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत पसरत जातो आणि हीटरपाशी पोचला की संपलं. तुम्ही म्हणाल, बाई सत्काराला आलीय की तपासणीला. थोडा धीर धरा.

पहिल्या रांगेत कडेला शिवणकाम करणाऱ्या काकू बसल्यात. गावातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे कपडे त्यांनी शिवलेत. आता शिवत नाहीत, कारण उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. काही वर्षांमागच्या एका थंडीत त्यांची ज्योत मंद झाली, म्हणून त्यांनी आपल्या ऑफिसला फोन केला. एका पुरुषानं उचलला आणि सांगितलं, टाकी आत घ्या, हीटरजवळ ठेवा, होईल ठीक. काकूंनी ऐकलं. पुढचं त्यांच्या हातांवर लिहिलंय, मी वेगळं काय सांगू.

चौकशी झाली. साहेब म्हणाले, असा फोन आलाच नाही, बाई भाजल्यामुळे भ्रमात आहेत. मग गॅस सुटला कसा? तर म्हणे, भरणीवाल्यानं टाकी गळ्यापर्यंत भरली होती, निष्काळजी माणूस. तो भरणीवाला म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. त्याला सगळे 'काटा' म्हणायचे, कारण टाकीत वरती मोकळी जागा राहिलीच पाहिजे म्हणून वजनकाट्यावरची त्याची नजर हलत नसे. चहा आणून दिला तर गार होऊन जायचा. त्याला काढलं, आणि आजूबाजूच्या एकाही भरणीवर त्याला कुणी उभं केलं नाही. आता लाकडाच्या वखारीत ओझी उचलतो. आमची आई जाईपर्यंत विचारत होती, खरं सांग रे, तुझ्या हातून झालं का? तो नाही म्हणायचा आणि ती पुन्हा विचारायची. साहेब, ते मी विसरलेली नाही.

लोक मला म्हणाले, ज्यानं भावाच्या पोटावर पाय दिला त्याच्याच हाताखाली कशी काम करतेस? हसून वेळ मारून नेली. आज सांगते. तुमच्यावर नजर ठेवायची होती म्हणून राहिले. माणूस कधी ना कधी चुकतो, आणि तेव्हा मला शेजारी असायचं होतं.

त्या भडक्यानंतर साहेबांनी एक रीत पाडली, आणि ती तुम्हा सगळ्यांना चांगली ठाऊक आहे. ज्याची टाकी घरात सापडेल त्याचं कनेक्शन बंद. चालू करून हवं असेल तर त्यानं यायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, 'टाकी मी आत ठेवली, चूक माझी.' मान खाली घातली तर साहेब पुन्हा म्हणायला लावत. इथे बसलेल्या कितीतरी आजी-आजोबांनी ते म्हटलंय. पाववाल्या मामांचा आवाज फुटेना तर त्यांना तीनदा म्हणायला लावलं होतं. मामा, मान हलवू नका, सगळ्यांनी पाहिलंय.

तर मागच्या आठवड्यात साहेबांनीच ऑफिसला फोन केला. टेकडीवरच्या नव्या घरात ज्योत मंद होतेय, माणूस पाठवा. माणूस म्हणून मी गेले. बैठकीच्या खोलीत दारं-खिडक्या गच्च बंद, हीटर लाल झालेला आणि त्याच्या शेजारी टाकी, तीही आडवी, गालिचावर. टाकीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला.

मंडळी, तुमच्यापासून कशाला लपवू. क्षणभर वाटलं, दार ओढून घ्यावं आणि गुपचूप टेकडी उतरावी. जे काकूंच्या नशिबी आलं ते यांच्याही येऊ दे. खूप वाटलं. मग आतून वहिनी पाणी घेऊन आल्या, आणि मी हीटर बंद केला, टाकीचा कॉक फिरवला, खिडक्या उघडल्या, टाकी उचलून अंगणात नेऊन उभी केली. साहेब चिडले, घर गार पडेल म्हणाले. मी विचारलं, एवढा जन्म या धंद्यात गेला, टाकी आत कशी घेतलीत?

साहेब म्हणाले, "काही होत नाही गं. थंडीत मी फोनवर सगळ्यांना हेच सांगायचो. त्या शिवणवालीचंच नशीब खोटं."

पाण्याचा पेला वहिनींच्या हातातच राहिला. साहेबांना वाटलं, बोललो ते हवेत विरलं. मी त्यांच्या कनेक्शनला सील लावलं आणि खाली आले. तेव्हापासून दोघं मुलीकडे राहतायत. सील काढा म्हणून साहेबांनी मालकांना सांगून पाहिलं, पण मालक म्हणाले, रीत तुम्हीच पाडलीत. त्याबद्दल मालकांचे मी जाहीर आभार मानते.

आज सगळे जमलेत. गिऱ्हाईक आहेत, काकू आहेत, आणि मागच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभा आहे तो माझा दादा. साहेब, उठा. रीतीप्रमाणे म्हणा, टाकी मी आत ठेवली. पण तेवढ्यानं सील निघणार नाही. काकूंना फोनवर कुणी सांगितलं तेही म्हणा, आणि टाकी बरोबर भरली होती, हे माझ्या भावाकडे बघून म्हणा. सावकाश म्हणा, आम्हाला घाई नाही.

मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्षांचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर आपण सगळ्यांनी ते पोटात घालावं. साहेबांनी मुळीच घालू नये, त्यांना ते लागावं म्हणूनच बोलले.

साहेब उठत नाहीयेत. वहिनी, तुम्ही उठलात? या, सावकाश, पायरी आहे. दादा, तूही पुढे ये. वहिनींनी त्या दिवशी सगळं ऐकलंय. हा घ्या माइक.