अर्ध्या चाली

लुइझियानातल्या त्या गावी शनिवारी सकाळी कसायाच्या दुकानापुढे भात भरलेल्या सॉसेजसाठी रांग लागते. आझेलीच्या पुढेच म्हातारा फिडलवाला ओव्हिद आणि त्याची थोरली बहीण झुल्मा उभे होते. फुकटचं काही सोडायचं नाही, या नियमाने आझेलीने कान तिकडे लावले.

“आज रेडिओवाले यायचेत, ताई. गुरू कोण विचारतील.”

“क्लेओफासचं नाव सांग. त्याच्याच तर चाली वाजवतोस.”

बापाचं नाव ऐकून आझेली एक पाऊल पुढे सरकली.

“पण शिकलास कसा, असं त्यांनी विचारलं तर?” ओव्हिद म्हणाला.

“खरं ते सांग. नाच असला की आई आपल्याला इतर पोरांबरोबर मागच्या खोलीत निजवायची. तू भिंतीला कान लावून क्लेओफासचं वाजवणं ऐकायचास.”

“आणि चाल अर्ध्यावर आली की मला झोप लागायची, तेही सांगू?”

“म्हणून तुझी प्रत्येक चाल अर्धी होय रे? आणि मी जन्मभर लोकांना सांगतेय, ही आमच्या घराण्याची शैली!”

“पहिलाच भाग दोनदा वाजवतो. नाचणाऱ्यांची तक्रार नाही. रेडिओवाला तर मागे ऐकून म्हणाला, यात विरह आहे.”

“मग विरहच सांग. झोपेचा विषय कशाला काढतोस?”

“क्लेओफासच्या घरच्या कुणी ऐकलं तर अब्रू जाईल.”

“कोण बसलंय ऐकायला?”

 मागे आझेलीने बापाच्या चालींतला एक वॉल्ट्झ हळूच गुणगुणायला घेतला. अर्धा झाला, तशी ती पुढच्या भागाकडे वळली.

ओव्हिदने भलीमोठी जांभई दिली आणि उभ्याउभ्याच डोळे मिटले.

“पुढचं गिऱ्हाईक कोण?” कसायाने विचारलं.

झुल्माने भावाला कोपराने ढोसून जागं केलं.