चूल बंद, डबे चालू

छे हो, वजनकाट्यात काही बिघाड नव्हता! मीही आधी तेच म्हणालो, उतरलो, चपला काढल्या, चष्मा काढला, खिशातला फोन काढला, पुन्हा चढलो... काटा बापडा आपल्या जागी ठाम! वाढलं. वजन वाढलं! आणि तुम्हाला सांगतो, घरात चूल पेटली नव्हती!

आता तुम्ही म्हणाल, गुणवंतराव, पेन्शनीत वजन उतरवून काय नवरदेव व्हायचंय? गुडघा हो, गुडघा! आमची लेक दिव्यानी नागपुरात तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, तिला मुलगी झाली, आमची ही बाळंतपणाला तिकडे गेली, आणि मी इथे सावली गावात बसून फोनवर नात बघतोय... नातीचा अर्धा कान दिसतो, बाकी सगळा हिचा अंगठा! डॉक्टर म्हणतो, आधी वजन उतरवा, मग गुडघ्याचं ऑपरेशन, मग जिने. म्हटलं, साहेब, बायको घरी नाही, माझ्या हातून चहासुद्धा उतू जातो. "मग सोपं आहे की! काही बनवूच नका. भिजवलेले मूग, काकडी, टमाटर, दही. गॅसला हात लावायचा नाही." हात लावायचा नाही? अहो, कचेरीत जन्म गेला माझा, एवढं तर येतं मला!

सुरुवात झकास झाली. मूग चावतोय, बैलासारखा. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, डोक्यात घामोळ्या, म्हणून बिरजूकडे केस बारीक करायला बसलो, तर त्याच्या मशीनचा कंगवा निसटला, डोक्याच्या मधोमध पाऊलवाट पडली! मग काय, सगळंच भादरून टाकलं.

संध्याकाळी समोरची सुगंधाबाई दारात. हातात झाकलेलं ताट. एरवी ही बाई घरात बोलली तर बसस्टँडवर ऐकू येतं, त्या दिवशी आवाज विहिरीतून आल्यासारखा. "भाऊ, दोन घास खाऊन घ्या."

"बाई, मी डाएट करून राह्यलो."

"असंच म्हनते मानूस. आंग टाकू नका." आणि समोर बसली! पिठलं, तांदळाची भाकर, वर भाताचा डोंगर... ताट रिकामं होईस्तोवर बाई हलेना. मला वाटलं, काय ही माया!

दुसऱ्या दिवशी गल्लीतला रामाजी. खांद्यावर दुपट्टा, ओसरीवर बसला, बोलेचना. मला वाटलं, याच्या घरचं कोणी गेलं! मीही मान खाली घालून बसलो. शेवटी उठला, म्हणाला, "धीर धरा भाऊ." मी म्हटलं, "तुम्हीबी धरा!" तो जरा चमकला, पण डबा ठेवूनच गेला. मग नूरुद्दीन टेलर, शहजादीभाभीच्या हातचा गोड भात, तुपात आंघोळ केलेला. "ना मत बोलो भाऊ, भाभी की कसम!" आता भाभीची कसम कशी मोडणार? मोडली असती तुम्ही? पण घरात चूल पेटली नव्हती हो!

आणि मग हिचा फोन. "अहो, आपल्या घरी कोन मेलं?"

"कोनी नाई! काऊन?"

"मंग सावलीच्या बाया मले फोन करून काऊन रडून राह्यल्या? कुकरची शिट्टी नाई, चूल बंद, तुमचं डोकं भादरलेलं...!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. केस नव्हते, म्हणून लवकर पडला. आपल्याकडे चूल कोणाच्या घरची बंद असते? सुतकाच्या! आणि अशा घरी कोण गेलं हे विचारत नाहीत, बरं दिसत नाही. डबा न्यायचा, बसायचं, खाऊ घालायचं!

धावलो, म्हणजे लंगडलो. "सुगंधाबाई, कोनी मेलं नाई हो!"

"मंग आमचं पिठलं कायले खाल्लं?"

पुन्हा डाएट समजावलं. तर ही बाई डोळ्याला पदर लावून गल्लीभर सांगत सुटली, "बाई घरी नाई, मानूस उपाशी मरून राह्यला, अन् शरमेनं डाएट म्हनते!" झालं! सुतकाचे डबे परवडले, हे दयेचे! सोबत लोणचं! आणि त्यानंतर तो काटा, आणि डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणतो, "घरी काय बनवलं एवढं?" म्हटलं, साहेब, घरात चूल पेटली नाही हो!

शेवटी ही आली. बाळंतिणीला तिच्या सासूच्या हवाली करून, पहिल्या गाडीनं. आल्या आल्या कुकर चढवला. शिट्टी झाली, गल्लीनं ऐकली, आणि त्या दिवसापासून... एक डबा आला असेल तर शपथ! मी आपला ताट घेऊन बसलो, कुकरचं झाकण उघडलं, तर आत नुसतं पाणी!

"शिट्टी गल्लीसाठी हाय," ही म्हणते. "तुमच्यासाठी मूग भिजवले. पोरगी रांगाले लागायच्या आत तिसरा मजला चढाचा का नाई?"

ऐका, ऐका... झाली बघा शिट्टी! सुगंधाबाई आता म्हणत असेल, जेवले भाऊ. हो, तुम्हाला सांगतो, घरात चूल पेटलीय... आता कुठे मला उपाशी राहता येतंय!