चव गेल्यावर

धाकटी: वहिनी, दूध करपलं! वास पार जिन्यापर्यंत आलाय. तुम्ही तर इथे ओट्याजवळच बसला होतात.

थोरली: लक्ष नव्हतं माझं.

धाकटी: नाकाला लक्ष कशाला लागतं? परवा भाजीत दोनदा मीठ पडलं. भावजी पाणी पीत पीत जेवले, पण अवाक्षर काढलं नाही.

थोरली: मग तेव्हाच का नाही बोललीस?

धाकटी: धाकट्या जावेने थोरलीला बोलायचं? एकवीस वर्षांत कधी बोलले का?

थोरली: दार लोटून घे.

धाकटी: घरात कुणी नाहीये.

थोरली: तरी घे. त्या तापात सगळं गेलं गं. वास गेला, चवही गेली. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, भात म्हणजे कापूस. तीन महिने घड्याळ बघून जेवतेय.

धाकटी: डॉक्टर काय म्हणाले?

थोरली: येईल म्हणाले. नाहीतर नाही येणार, असंही म्हणाले.

धाकटी: आणि घरात कुणाला सांगितलं नाहीत!

थोरली: काय सांगू? या घरात माझी ओळख काय, तर हिच्या हाताला चव आहे. ती गेली की खुर्चीत बसलेली एक म्हातारी उरते. आजपासून स्वयंपाक तू कर. तुझ्या मनाने.

धाकटी: माझं मन कुठेय त्यात? तुम्ही दोन चमचे म्हणालात की मी दोन घालते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात भाजीत लिंबाची साल किसून घातली होती. तुम्ही पाहुण्यांदेखत पातेलं मोरीत रिकामं केलंत.

थोरली: आठवतं मला.

धाकटी: आठवतं?

थोरली: चाखलीसुद्धा नव्हती मी. चांगली निघाली असती तर, याचीच भीती वाटली. चुकलं माझं.

(धाकटी करपलेलं पातेलं मोरीत ठेवते आणि तिथेच उभी राहते.)

थोरली: उभी काय राहिलीस? अर्धा भोपळा आहे ना? शिजव आणि वाट्यांत काढ. एका वाटीला हात लावायचा नाही. दुसरीत एकच गोष्ट बदलायची, एका वेळी एकच. मग चाखायचं. मी अशीच शिकले, सासूबाई झोपल्या की चोरून.

धाकटी: तुम्हीसुद्धा?

थोरली: मग काय, आईच्या पोटातून शिकून आले?

धाकटी: वहिनी, तुमच्या जिभेला अजून काय काय कळतं?

थोरली: माझं काय घेऊन बसलीस?

धाकटी: सांगा तरी.

थोरली: तिखट झोंबतं. गार-गरम कळतं. आणि कुरकुरीत काही असलं तर ते कानालाच कळतं.

(तासाभराने. ओट्यावर पाच वाट्या.)

धाकटी: ही टाकून देते. लसूण जळला, कडूजहर झालंय.

थोरली: टाकण्याआधी आठव, आच किती होती ते. नाहीतर वाटी फुकट जाईल.

धाकटी: मोठी होती. पुढच्या खेपेला मंद ठेवली. आता ही शेवटची चाखा. भोपळा शिजवलाच नाही, तव्यावर भाजला. वर फ्रिजमधलं घट्ट दही, भरड कुटलेली मिरी आणि त्याच्याच बिया, तडतडेपर्यंत भाजलेल्या.

थोरली: बिया मी जन्मभर फेकून दिल्या.

धाकटी: माहितेय. कसं लागतंय?

थोरली: लागत काहीच नाही गं… थांब. आधी गरम. मग गार. मग दाताखाली वाजतंय, आणि आता घशाशी झोंबलं. चव नाहीये, पण तोंडात काहीतरी घडतंय. तीन महिन्यांनी.

धाकटी: रडताय?

थोरली: मिरी आहे. घाल अजून थोडं.

धाकटी: संध्याकाळी सगळ्यांना हेच करू?

थोरली: हेच कर. आणि माझ्या जिभेचं काय झालंय, ते तेव्हाच सांगेन मी.

धाकटी: मी वाढायला घेतलं की सांगा, म्हणजे सगळ्यांचं लक्ष ताटात असेल.

थोरली: वाढून घेतील त्यांचं ते. तू माझ्या शेजारी बस.